वैशालीचं रक्त जुळलं तेव्हा

माझ्या आजाराचं नाव फँकोनी अॅनिमिया. आमच्या घरात ते कुणालाच नीट म्हणता येत नाही. आई "ते रक्ताचं" म्हणते, बाबा माझ्या नावानं "सुजाचं दुखणं" म्हणतात, आणि परभणीहून आजी आली की ती "बाहेरचं" म्हणते.

हे मी बरी होऊन लिहीत नाहीये. यातून पूर्ण बरं झालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. तरी लिहितेय, कारण हॉस्पिटलातल्या आमच्या बाकावर दर काही महिन्यांनी नवे आईबाप येऊन बसतात, आणि त्यांच्या तोंडून तेच प्रश्न येतात जे आमच्या तोंडात होते. आम्ही आलो तेव्हा त्या बाकावर विचारायला कुणी नव्हतं.

*

नव्वद साल उजाडायच्या आसपास आम्ही मीरा रोडला शांती नगरात राहायला आलो. बिल्डिंग नवीन होती, भिंतींना अजून चुन्याचा वास यायचा. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. पाणी टँकरनं यायचं. टँकरचा भोंगा वाजला की आई, मी आणि माझी धाकटी बहीण वैशाली कळश्या घेऊन खाली धावायचो आणि भरून तिसऱ्या मजल्यावर आणायचो.

माझ्या कमरेवर निळे डाग पडायला लागले. आई म्हणाली, कळशीचा काठ लागत असेल, कडेवर घेऊ नकोस, डोक्यावर घे. डोक्यावर घ्यायला लागले तरी डाग पडत राहिले. मग दंडावर, मग मांडीवर. मी सातवीत होते आणि उंचीनं चौथीतली दिसायचे. डाव्या हाताचा अंगठा जन्मापासून बारीक, लुळा. पाठीवर चहा सांडल्यासारखे फिकट तपकिरी चट्टे. यातलं काहीच आम्हाला आजार वाटत नव्हतं. माझी पोर अशीच आहे, एवढंच आई सांगायची.

एक दिवस वर्गात नाकातून रक्त आलं आणि थांबेचना. बाईंनी डोकं मागे धरलं, कुणी कांदा आणून हुंगवला. युनिफॉर्म पुढून लाल झाला. नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट बघून बाबांना म्हणाले, "इथे वेळ घालवू नका. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या. आजच."

*

मोठ्या हॉस्पिटलात मला पालथं झोपवून कमरेच्या हाडातून मगज, म्हणजे आतला रक्त बनवणारा गर, काढला. सुई टोचते ते सहन होतं. आतून ओढतात तेव्हा जे होतं ते दुखणं नाही, त्याला दुसरा शब्द पाहिजे. पाय आपोआप झटकला जातो. एका सिस्टरनं माझा चेहरा स्वतःच्या पोटाशी धरून ठेवला होता. पुढे कितीदा ते केलं, पण दर वेळी मला तिच्या एप्रनचा फिनेलचा वास आठवतो.

डॉक्टर मॅडमनी माझा अंगठा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग माझं रक्त एका वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवलं. काही आठवड्यांनी आम्हाला बोलावलं. बाबांनी खाडा केला होता. आईनं चांगली साडी नेसली होती, कशासाठी कुणास ठाऊक.

"हिच्या रक्तातल्या पेशींना आम्ही एक औषध देऊन बघितलं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या-माझ्या पेशी ते पचवतात. हिच्या पेशींच्या आतले धागे तुटले. खूप तुटले."

बाबांनी विचारलं, "कसले धागे?"

मॅडम हातातलं काम बाजूला ठेवून समोर बसल्या. त्या जे बोलल्या ते मी तेव्हा अर्धंच समजले, पण नंतर इतक्यांदा विचारून घेतलं की आता पाठ आहे.

"आपण श्वासातून प्राणवायू घेतो. पेशी त्यावरच जगतात. पण तो वापरताना आत ठिणग्या उडतात, वेल्डिंगला उडतात तशा. त्या धाग्यावर पडतात. पेशीनं काय करायचं, कसं वाढायचं, ते सगळं त्या धाग्यावर लिहिलेलं असतं. हे आत्ता, इथे बसल्या बसल्या आपल्या सगळ्यांच्या अंगात चाललंय."

"मग आपल्याला कसं काही होत नाही?"

"कारण प्रत्येक पेशीत दुरुस्ती करणारे असतात. जळलेला भाग शोधतात, कापून काढतात, तिथं नवा भरतात आणि टोकं जोडून टाकतात. धागा दुहेरी असतो. एक बाजू खराब झाली तर दुसरीकडे बघून पुन्हा लिहिता येतं. पण कधी दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून बसतात, नाहीतर दोन्ही एकदम तुटतात. ते काम अवघड. त्याला एक अख्खी टोळी लागते. त्या टोळीतला एक जण सुजाताकडे जन्मापासूनच नाही."

बाबा स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते. पॉलिशनं ते कायम काळे असायचे. "म्हणजे आतून गंज चढतो म्हणा की."

"गंज सगळ्यांनाच चढतो हो. हिचा निघत नाही. आणि रक्त बनवणाऱ्या पेशी सगळ्यात जास्त राबतात, म्हणून त्या आधी संपतात."

"आणि तो एक जण औषधानं आणता येत नाही?"

"नाही. नेमका कुठला कमी आहे, तेही अजून नीट कळलेलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

बाबा म्हणाले, "मामाचीच मुलगी आहे."

मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, दोघांकडेही एकेक चांगली प्रत आहे म्हणून तुम्ही दोघं धडधाकट. हिच्या वाट्याला दोन्हीकडून बिघडलेली आली. आईला धागा, ठिणग्या, टोळी यातलं किती कळलं माहीत नाही. हे मात्र नीट कळलं. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी ती बाबांना म्हणाली, "मी नाही म्हणत होते. तुमच्या आईनं ठरवलं सगळं." त्यानंतर कित्येक महिने ते दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत किंवा वैशालीमार्फत बोलायचे.

*

रक्त चढवायला आम्ही सकाळी निघायचो आणि दिवस तिथेच जायचा. चादरींवर धुऊनही न गेलेले डाग, खिडकीत कबुतरं, कोपऱ्यात कुणाचं तरी लहान मूल किंचाळत असायचं. माझ्या शिरा सापडायच्या नाहीत. एक केरळी सिस्टर होत्या, त्या रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून माझ्या हातावर ठेवायच्या आणि शीर वर आली की मगच सुई लावायच्या. दुसरं कुणी हे करत नसे. त्या रजेवर असल्या की मी घरूनच रडत निघायचे.

रक्त देणारे आपणच आणायचे असत. काका आणि दोन मामा परभणीहून आले होते, पण मॅडमनी त्यांचं घेतलं नाही. पुढेमागे नातेवाइकाचा मगज बसवायची वेळ आली तर आधी त्यांचं रक्त दिलेलं नसावं, असं म्हणाल्या. मामांना ते अपमानासारखं लागलं. मग बाबांच्या गाळ्यातले लोक आले. सलीमभाई नया नगरहून यायचे, बाबांच्या शेजारच्या मशिनवर होते. पहिल्यांदा आले तेव्हा बाबा त्यांचे आभार मानायला लागले, तर म्हणाले, "अरे छोड ना यार. बच्ची के लिए है." पुढच्या खेपेला त्यांनी दोन मेहुण्यांना आणलं. माझ्या अंगात कुणाकुणाचं रक्त आहे याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. पण ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा आला की आई तो आधी मला वाढते.

*

मग गोळ्या सुरू झाल्या. पुरुषांच्या अंगात जे तयार होतं त्याच जातीचं औषध, मगजाला रेटून रक्त बनवायला लावतं. मॅडमनी आईला बाजूला घेऊन आधीच सांगितलं होतं. आईनं मला सांगितलं नाही.

गोळ्या लागू पडल्या. दोनेक महिन्यांत अंगातलं रक्त वाढायला लागलं, हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्या. आणि माझा आवाज फुटला. आधी घसा बसल्यासारखा, मग खाली, आणखी खाली, एखाद्या बापई माणसासारखा. ओठांवर लव आली, मग हनुवटीवर. वर्गात धडा वाचायला उभी राहिले तर मागची पोरं बाकावर डोकं ठेवून हसली. बाईंनी त्यांना ओरडायच्याऐवजी मला बसवलं आणि त्यानंतर कधी वाचायला सांगितलं नाही. किराणावाल्या गुजराती काकांच्या दुकानात गर्दीतून मी साखर मागितली, तर ते पाठमोरेच म्हणाले, "हां भाई, कितना?"

मी घराबाहेर बोलणं सोडलं. वैशाली तेव्हा तिसरीत होती. न सांगता तिनं माझं बोलणं अंगावर घेतलं. दुकानात, टँकरवर, शाळेत, बसच्या कंडक्टरकडे. मी तिच्या कानात कुजबुजायचे आणि ती ठणठणीत आवाजात सांगायची, "ताईला अर्धा किलो साखर पाहिजे." कुणी विचारलं ही का बोलत नाही, तर म्हणायची, "तिला नाही बोलायचं. तुम्ही मला सांगा."

*

पुढच्या वर्षी आम्हा चौघांचं रक्त जुळवणीसाठी घेतलं. मगज बदलायचा तर भावंडाचाच जुळायची जास्त आशा असते. बाबांचं-आईचं अर्धं अर्धं जुळलं, जसं जुळायचंच. वैशालीचं पूर्ण जुळलं.

बाबांनी स्टेशनजवळून पेढे घेतले. गाळ्यात वाटले, बिल्डिंगमध्ये वाटले. आईनं विहारात जाऊन वंदना घेतली आणि त्या दिवशी कित्येक महिन्यांनी बाबांना सरळ विचारलं, "चहा ठेवू का?" वैशाली मला म्हणाली, "माझं घातलं ना, की तू माझ्यासारखी उंच होशील. मग मी सांगेन तसं ऐकायचं." ती नऊ वर्षांची होती आणि माझ्या खांद्याच्या वर पोचली होती. खो-खोत तिला कुणी धरू शकत नसे. दोन्ही अंगठे छान, अंगावर एकही चट्टा नाही.

मॅडम म्हणाल्या, "तिचीही ती धाग्यांची तपासणी करावी लागेल. नियम आहे." बाबांनी हसत सही केली.

या वेळी आत गेल्यावर मॅडमनी स्वतः उठून दार लावलं. मी समजले. बाबा नाही समजले. ते म्हणत होते, ऑपरेशनला किती दिवस रजा टाकू.

"वैशालीच्याही पेशींतले धागे तुटतायत," मॅडम म्हणाल्या.

"पण तिला काही नाहीये."

"अजून नाहीये."

बाबा पुन्हा म्हणाले, "अहो, तिला काहीच नाहीये. तुम्ही बघा तिला, बाहेर बसलीय." आणि खरंच उठून दार उघडून त्यांनी बाहेर बोट दाखवलं. बाकावर वैशाली पाय हलवत शेंगदाणे खात होती.

*

तिला सांगायचं नाही असं ठरलं. पुन्हा तपासलं तेव्हा तुझं जुळलं नाही, एवढंच सांगितलं. ती दोन दिवस रुसली, कारण तिला मला काहीतरी द्यायचं होतं.

आजी आली आणि म्हणाली, अजून एक लेकरू होऊ द्या, ते चांगलं निघंल, मग या दोघींना त्याचं घाला. बाबांच्या मनात ते भरलं. मॅडमनी सांगितलं होतं की दर वेळी चारातला एक धोका तोच राहतो, आणि चांगलं निघालं तरी जुळेलच असं नाही. आई म्हणाली, "तिसरंही तसंच निघालं तर मी कुठं जाऊ?" बाबा म्हणाले, "आणि नाही निघालं तर?" यावर दोघं महिनोन्महिने भांडले. हळू आवाजात, आम्ही झोपलो असं समजून, सकाळी स्वयंपाकघरात, कधी जिन्यात. तिसरं मूल झालं नाही. कोण बरोबर होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

वैशाली आठवीत गेली तेव्हा तिच्याही पायांवर निळे डाग आले. मग आईनं तिला बसवून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तुझं रक्त जुळलं तेव्हापासून."

तिनं फ्रॉक ओढून पायांवरचे डाग झाकले. मग म्हणाली, "म्हणजे मधली चार वर्षं मी एकटीच बरी होते. तुम्ही सगळे मला बघून बघून रडत होता."

माझ्या गोळ्या तिला दिल्या. तिला लागू पडल्या नाहीत. दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात रक्तात कॅन्सरच्या पेशी दिसल्या. दुरुस्ती न झालेल्या पेशीत कधीतरी चुकीचंच लिहिलं जातं आणि ती चुकीची पेशी थांबता थांबत नाही, असं मॅडमनी सांगितलं. त्यावरची औषधं धागा तोडूनच कॅन्सरच्या पेशी मारतात. वैशालीच्या चांगल्या पेशींनाही तीच औषधं सोसणार नव्हती. अगदी थोडं दिलं तरी तिचं तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळता येईना. आता ती माझ्या कानात कुजबुजायची आणि मी सिस्टरला सांगायचे. वॉर्डातले लोक माझा आवाज ऐकून वळून बघायचे. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

एकदा तिनं कुजबुजून विचारलं, "ताई, तुला राग येतो का, की आधी तुला व्हायला पाहिजे होतं?"

मी म्हणाले, "रोज येतो."

ती म्हणाली, "मला पण." आणि माझा हात धरून झोपली.

पावसाळा संपता संपता एका दुपारी, बाबा डबा आणायला गेलेले असताना, ती गेली. आई तिचे पाय चोळत होती. आईला कळलं तरी ती चोळतच राहिली. मी सिस्टरला हाक मारली. डबा घेऊन बाबा दारात आले आणि आमच्याकडे न बघता त्यांनी तो नेहमीच्या जागी, खिडकीत ठेवला.

*

याला आता दोन वर्षं होतील. माझ्या गोळ्या यकृतावर यायला लागल्या म्हणून कमी केल्यात, रक्त पुन्हा उतरतंय, सलीमभाई पुन्हा येतायत. मी घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. पोरांना माझ्या आवाजाची भीती वाटते म्हणून ती गृहपाठ वेळेवर करतात, असं त्यांच्या आया सांगतात. वैशालीचा फोटो आईनं लावू दिला नाही. घरात तिचं नाव आई घेत नाही, आणि ती असली की आम्हीही घेत नाही.

गेल्या महिन्यात मॅडमनी एका बाईला आमच्याकडे पाठवलं. पालीची, उत्तनकडची. नवरा बोटीवर जातो. सहा वर्षांच्या मुलीला हेच निघालंय. बाई दोन बस बदलून आली होती, कडेवर सात-आठ महिन्यांचं गुटगुटीत बाळ, हातात सुक्या बोंबलांची पुडी. माझा आवाज ऐकून दचकली, मग सावरली.

"बरी व्हते का यातून?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "गोळ्यांनी काही वर्षं निघतात. माझी निघाली."

ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मी तिला सांगितलं, नात्यातल्या लोकांचं रक्त आत्ता घेऊ नका. दात घासताना मऊ ब्रश. ताप आला तर घरी थांबायचं नाही. सुईच्या आधी हातावर कोमट पाण्याचा हातमोजा. हे सगळं सांगताना माझं लक्ष त्या बाळाच्या हातांकडे होतं. दोन्ही अंगठे चांगले होते.

मला ते बोलायचं नव्हतं. तपासलं आणि चांगलं निघालं, जुळलं, तर बहिणीला उद्या त्याचा उपयोग होईल. आता मुंबईतही या आजारात मगज बदलायला लागलेत म्हणे. आणि नाही निघालं, तर या बाईला आजपासून हे बाळ हसताना बघवणार नाही. चार वर्षं मी बरी होते, असं वैशाली म्हणाली होती.

"याचीही तपासणी करून घ्या," मी शेवटी म्हणाले.

"याला कायपन न्हाय," ती म्हणाली. तिनं बाळाला जवळ ओढलं. "बघ की, केवडा हाय."

आई स्वयंपाकघरातून आली. ती अशा लोकांपुढे येत नाही, आतूनच चहा पाठवते. त्या दिवशी ती येऊन बाईच्या शेजारी खाली बसली आणि बाळासाठी हात पुढे केले. बाळ गेलं तिच्याकडे. मांडीवर घेऊन तिनं त्याची मूठ उघडली, बोटं सरळ केली.

"करून घे बाई," ती म्हणाली. "आमच्या वैशालीला पण काही नव्हतं."

बाईनं खोलीत इकडेतिकडे पाहिलं. "ती कुठं हाय?"

"ती गेली," आई म्हणाली. मग तिनं त्या परक्या बाईला वैशालीबद्दल सांगायला सुरुवात केली. खो-खो, शेंगदाणे, कंडक्टरशी घातलेली हुज्जत. चहा गार झाला. बाळ आईच्या मांडीवर झोपून गेलं. जाताना बाईनं मला विचारलं, हॉस्पिटलचा वार कुठला.

मंगळवारी आई आणि मी तिच्याबरोबर गेलो. सुई टोचली तेव्हा बाळानं वॉर्ड डोक्यावर घेतला. त्याचा रिपोर्ट अजून आलेला नाही.